पांढऱ्या शर्टातला म्हातारा

तारापूरला जाऊन आलो असं सांगितलं, की आमच्या कऱ्हाडात माणसं आधी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतात. शेजारच्या बापूंनी तर खुर्ची हातभर मागे सरकवली आणि मगच विचारलं, "कसं काय होतं?"

"उत्तम," मी म्हणालो. "बोंबील फार छान."

बापूंना अणुविजेच्या प्रकल्पाबद्दल ऐकायचं होतं आणि मला बोंबलांबद्दल सांगायचं होतं. इथे दोन्ही सांगतो. शिवाय मी स्वतःही येणार आहे: स्ट्रेचरवर आडवा, चार धडधाकट माणसांनी उचललेला, "अहो, मला खाली ठेवा!" असं ओरडत. पण ते आपलं क्रमाने.

माझा साडू प्रभाकर तारापूरला लागून असलेल्या बोईसरच्या एका कारखान्यात आहे. लग्न झाल्या झाल्या तिकडे गेला, तो तिकडचाच झाला. "थंडीत या अण्णा, उकडहंडी खायला," असं तो दरवर्षी म्हणायचा आणि मी दरवर्षी काहीतरी सबब काढायचो. खरं कारण भीती. जपानातल्या त्या अणुभट्टीच्या अपघाताची दृश्यं टीव्हीवर पाहिली होती. ती लाट, तो धूर, ती नखशिखांत झाकलेली माणसं. तेव्हापासून माझ्या मनात बोईसर म्हणजे स्टेशनवर उतरल्या उतरल्या त्वचेला काहीतरी होणार असं गाव होतं.

शेवटी हे प्रभाकरला फोनवर बोलून टाकलं. तो हसायचाच थांबेना. म्हणाला, "अण्णा, तुम्ही कोयनेच्या धक्क्यांवर जन्म काढलात. तुमच्याकडे पलंग हलला तर माणसं कूस बदलतात आणि सकाळी एकमेकांना विचारतात, काल जाणवला का म्हणून. आणि तुम्ही मला भीती सांगता?"

बायको म्हणाली, "तुम्ही जा. तुम्हाला किरणंसुद्धा धरायची नाहीत." हे कौतुक होतं की काय, हे मी अजून विचारलेलं नाही.

सालवड

प्रभाकर बोईसरजवळ सालवडला राहतो. आजूबाजूला सगळे कारखान्यांत जाणारे. कोणी जळगावचं, कोणी नांदेडचं, कोणी आपल्या साताऱ्याकडचं. चहाच्या टपरीवर मी "दोन कट" म्हणालो तर "भैया, कितना मीठा?" असा जबाब आला. मीही मग हिंदी सुरू केलं. माझं हिंदी ऐकून टपरीवाल्याने साखर विचारायचं सोडून दिलं आणि दोन्ही हातांनी दिलासा दिल्यासारखं करत चहाच पुढे ठेवला.

संध्याकाळी उकडहंडी. आमच्याकडे थंडीत हुरडा. उघड्यावर आगटी पेटवायची, कणसं भाजायची, धूर डोळ्यांत, कोंडा केसांत. इकडे सगळा मामला बंदिस्त. मातीच्या मडक्यात वालपापडी, कंद, रताळी, वांगी आणि हिरवा मसाला भरायचा, मडक्याच्या तोंडाशी पाला गच्च कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. माझी मेव्हणी सुनंदा हे शेजारणीकडून शिकलेली. "वाफ बाहेर गेली की संपलं," ती म्हणाली. मी पाहायला म्हणून काठीने पाला जरासा ढोसला. वाफ बाहेर आली. सुनंदाने माझ्या हातातली काठी काढून घेतली. जेवताना मात्र तिने मला तिसऱ्यांदा वाढलं, आणि त्या तिसऱ्या वाढण्यातलं तेल माझ्या निळ्या शर्टावर सांडलं. हा शर्ट लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टोपली उतरली. टोपलीमागे जमनाबाय. किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातून ती मासळी घेऊन या भागात फिरते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मला तिथे पुन्हा जायचं आहे.

"हा कोन, तुजा भाव?" तिने प्रभाकरला विचारलं.

"साडू माझा. कऱ्हाडचा."

तिने मला नीट बघून घेतलं. "पोट तुज्यापेक्षा मोटा हाय. खात असंल बरा." मग टोपलीवरचं फडकं काढता काढता अगदी सहज म्हणाली, "परभाकर, परवा मी येनार नाय. परवा सायरन हाय. आमच्या म्हाताऱ्याला उचलून नेनार हायत."

मी दचकलो. प्रभाकरने समजावलं. प्रकल्पाच्या आसपासच्या गावांत अधूनमधून सराव होतो. अपघात झालाच तर काय करायचं, त्याची रंगीत तालीम. भोंगा वाजला की सगळ्यांनी घरात जायचं, दारं-खिडक्या बंद, फटीत ओलं फडकं. मग काही जणांना बसमध्ये घालून लांबच्या शाळेत नेतात. असे सराव आधीही होत. पण जपाननंतर त्यातली गंमत कमी झाली आणि प्रश्न वाढले. वीज गेली तर? रस्ता तुंबला तर?

"आनि ज्याला चालता येत नाय, तो?" जमनाबाय म्हणाली. "हा सवाल माजा. दर वेळेला स्ट्रेचरवर कॉलेजचा पोरगा झोपतो, खी खी हसतो, उचलतात, टाळ्या. आनि माजा म्हातारा घरात. मी त्या सरावाच्या मॅडमला सांगितला, हसनारा नको. माजा न्या."

तिचा नवरा नारायणबाबा. होडीत घसरून कंबर गेली, तेव्हापासून पायांत जोर नाही. लेक दिली सफाळ्याला, भातशेतीवाल्यांत. ती रोज फोनवर एकच लावून धरते: तिथे प्रकल्पाच्या शेजारी राहू नका, काही झालं तर बाबाला कोण काढणार, इकडे या. जमनाबायला लेकीचं पटत होतं. बाबाला नव्हतं. शेवटी नवराबायकोत ठरलं: परवा त्याला घरातून उचलून शाळेपर्यंत नेऊन दाखवलं, तर इथेच राहायचं. नाही जमलं, तर कोळीवाडा सोडायचा आणि सफाळ्याला जायचं.

"तुमी पन या परवा," ती मला म्हणाली. "बोंबील खायला."

बोंबील म्हटल्यावर मी हो म्हणालो. तिथे माझी काय गरज होती, हा प्रश्न तेव्हा कोणालाच सुचला नाही.

शिरगाव

मधला दिवस शिरगावच्या किल्ल्याला. किल्ला लहानसा, गावाच्या अंगाखांद्यावर बसलेला. तटावरून सुरूच्या बनामागे समुद्र दिसतो. घाटावरच्या माणसाला समुद्र दिसला की त्याला फोटो काढून घ्यायचा असतो. मी तटावरून उतरून किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. "अण्णा, पुढे जाऊ नका, गाळ आहे," प्रभाकर मागून ओरडला. मी हात करून "कळतंय" असं दाखवलं आणि त्याच पावलाला मांडीपर्यंत आत गेलो. मला ओढून काढणाऱ्या दोन बायका शिंपल्या वेचत होत्या. त्या इतक्या हसत होत्या की एकीच्या हातून मी पुन्हा सुटलो आणि या वेळी बसलो.

असा माझा दुसरा शर्टही गेला. आणले होते दोनच. सुनंदाने प्रभाकरचा एक इस्त्रीचा शर्ट काढून दिला. पोटावर ताणला जात होता, पण होता स्वच्छ. पांढराशुभ्र.

कोळीवाडा

प्रभाकरला ड्युटी होती. त्याने मला सकाळी रिक्षात बसवून दिलं आणि चारदा बजावलं, "भोंगा वाजला की घाबरू नका. सराव आहे." मी म्हणालो, "मी काय लहान आहे?"

कोळीवाडा बघण्यासारखा. गल्ली अरुंद, दोन्हीकडे घरं, आणि मोकळी दिसेल त्या जागेत बांबूचे मांडव. मांडवांच्या दोरांवर बोंबील वाळत घातलेले. बोंबलाला बांधत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. दोन बोंबील घेतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात आणि जोडी दोरावर टाकतात. उन्हात ओळीने शेकडो जोडपी एकमेकांना चावत लटकलेली. आमच्या गावातल्या काही संसारांची आठवण झाली. लांबवर, किनाऱ्याच्या टोकाला, प्रकल्पाचे घुमट. गावातलं कोणी तिकडे बघत नव्हतं, एकटा मी बघत होतो.

जमनाबायच्या घराआधी एक मांडव इतका पुढे आलेला की गल्लीवर आडवा. त्याखालून मला वाकून जावं लागलं. पलीकडे जमनाबाय ओट्यावर होतीच.

"काशीचा हाय तो," ती मोठ्याने म्हणाली, म्हणजे समोरच्या घरात ऐकू जावं. "रस्ता काय तिच्या बापाचा? सांगून सांगून तोंड दुखला!"

समोरच्या खिडकीतून उत्तर आलं, "तुजा तोंड दुखतो? मंग गावाला आराम पडंल!"

ही काशीबाय. दोघींचं भांडण मांडवावरून होतं आणि मांडवापेक्षा जुनं होतं.

नारायणबाबा ओट्यावर चटईवर बसला होता. दाढी केलेली, केसांना तेल, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी त्याच्याशेजारी बसलो. दोन पांढरे शर्ट, एकाच वयाची दोन डोकी.

"लगीन हाय जसा काय," बाबा शर्टाकडे बघून म्हणाला. "सकाळपासून हलू देत नाय. म्हनते चुरगळंल."

"सफाळ्याला गेलात तर काय वाईट?" मी विचारलं.

"काय नाय वाईट. लेक चांगली, जावय चांगला. भात चांगला. पन रात्री बेडूक वरडतात." त्याने समुद्राकडे मान केली. "हितं झोपल्या जागी कळतो, भरती हाय का ओहोटी. तिकडं काय कळनार? भात वाढला?"

"दर्या काय तुला उचलनार हाय?" जमनाबाय आतून म्हणाली. मग मला म्हणाली, "हा आडमुठा हाय. मानसं आली की नको नको म्हनंल. मी त्या लोकांना सांगून ठेवला: ओट्यावर पांढऱ्या शर्टातला म्हातारा. वरडंल, नको म्हनंल. ऐकायचा नाय. उचलायचा."

व्यवस्था चोख होती. मी म्हटलं, भोंग्याला वेळ आहे, जरा किनारा बघून येतो.

भोंगा

किनाऱ्यावर होड्या बघत होतो, तेवढ्यात भोंगा सुरू झाला. चढत जायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. सराव आहे, हे माझ्या डोक्याला माहीत होतं. पायांना कोणी कळवलं नव्हतं. पाय धावायला लागले. पळता पळता वर बघितलं, तर घुमटांच्या दिशेला एक ढग. साधा पांढरा, थंडीतला. मला त्या क्षणी तो जपानमधला वाटला.

गल्लीत एकेक दार धाडधाड बंद होत होतं. मी काशीबायच्या मांडवाखालून वाकलो. ताज्या बोंबलांचं पाणी गळून तिथे खाली चिकचिक झालेली. पाय सटकला, घोटा मुरगळला. उरलेली वाट रांगत पार केली आणि जमनाबायच्या ओट्यावर चढलो.

ओट्यावर बाबा नव्हता. दार बंद. फटीत ओलं फडकं.

"जमनाबाय! दार उघडा!"

"नाय उघडनार! सायरन हाय!"

"अहो मी आहे, प्रभाकरचा साडू!"

"कोनी पन असू दे! सांगितलाय, कोनाला उघडायचा नाय! घरात जावा!"

"घरातच येतोय!"

"आपल्या घरात जावा!"

माझं घर कऱ्हाडला. मी ओट्यावर बसून घोटा चोळत राहिलो. आता विचार केला की कळतं, जमनाबायची काहीच चूक नव्हती. भोंगा वाजला की सगळ्यांनी आत, असं सांगितलेलं. तिने बाबाला रोजच्यासारखं चटईसकट ओढून आत घेतलं आणि दार लावलं. पण दुसऱ्या लोकांना सांगितलेलं होतं, म्हातारा ओट्यावर असेल. एक नियम पाळला, त्याने दुसऱ्यावर पाणी पडलं. आणि नेमक्या त्या रिकाम्या जागी मी जाऊन बसलो होतो. पांढऱ्या शर्टात.

पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली चार माणसं स्ट्रेचर घेऊन आली. बोईसरच्या कारखान्यांतली, सरावाला मदत करायला आलेली. पुढच्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, घबराना मत. हम आ गये."

"मैं बाबा नहीं है!" मी म्हणालो. "बाबा अंदर है!"

तो बाकीच्यांकडे वळला. "वही है. बोला था ना, चिल्लाएगा."

"अरे, मैं मेहमान! बोंबील खाने को आया!"

"हाँ हाँ, खिलाएंगे," तो इतक्या प्रेमाने म्हणाला की मला क्षणभर भरून आलं. मग त्यांनी मला उचललं.

मी जितका ओरडलो तितकी त्यांची खात्री वाढत गेली. मागे दारावर आतून कोणीतरी धपाधपा हात मारत होतं, पण भोंगा अजून वाजत होता. काशीबायच्या मांडवाशी गाडं अडलं. स्ट्रेचर खांद्यावर, मांडव खाली. "अंकल, ज़रा उठ जाइए," पुढचा म्हणाला. बाबाचा अंकल झालो होतो. मी निमूटपणे उतरलो, लंगडत वाकून मांडवाखालून गेलो, आणि पलीकडे आज्ञाधारकपणे पुन्हा स्ट्रेचरवर झोपलो. अंथरुणाला खिळलेला रुग्ण असं करू शकत नाही, हे आम्हा पाचांपैकी एकालाही सुचलं नाही.

शाळा

रुग्णवाहिका पालघरच्या बाजूला एका शाळेत आली. तिथे टेबलं, किरणं मोजायची टोकदार नळीची यंत्रं, पाण्याचे ड्रम, सगळं व्यवस्थित. एकाने माझ्या अंगावरून यंत्र फिरवलं. काही निघालं नाही. त्याचा चेहरा जरा पडला, बहुतेक माझाही. खऱ्या वेळी आयोडिनची गोळी देतात, म्हणजे ते घशातल्या ग्रंथीत आधीच भरून राहतं आणि वाईट आयोडिनला जागा उरत नाही. सरावात त्याऐवजी पेपरमिंट. मी दोन मागितल्या.

तेवढ्यात माइक सुरू झाला. सरावाच्या प्रमुख अधिकारी, सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणत होते, पाहणी सांगायला उभ्या राहिल्या. चेहरा दमलेला पण खुश. "या वेळी प्रथमच," त्या म्हणाल्या, "प्रत्यक्ष अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठ नागरिकांना आपण घरातून सुखरूप बाहेर आणलं."

टाळ्या. सगळे माझ्याकडे बघत होते. दोघांनी फोटो काढले. खरं सांगतो, पोटात पेपरमिंट, अंगावर घोंगडी, समोर टाळ्या. गप्प बसायला फार सोपं होतं. पण डोळ्यांसमोर तो शर्ट आला, सकाळपासून चुरगळू न दिलेला. इथे "सुखरूप" म्हणत होते, आणि तिकडे एका घरात "नाही जमलं" असं ठरत असणार.

मी उभा राहिलो.

"बघा!" मागून कोणीतरी म्हणालं. "चालायलासुद्धा लागले!"

पुन्हा टाळ्या. त्या थांबल्यावर मी सगळं सांगितलं. दार, ओटा, शर्ट. मॅडम ऐकत होत्या. मांडवापाशी मी उतरून चाललो, हे सांगितल्यावर त्यांनी माइक खाली ठेवला.

"म्हणजे ते आजोबा त्या गल्लीतून बाहेर येऊ शकतात की नाही, हे आपल्याला अजून माहीतच नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"जपानात बरीच आजारी, म्हातारी माणसं किरणांनी गेली नाहीत हो. घाईघाईत हलवताना गेली. बसमध्ये तासन्‌तास, औषध नाही, पाणी नाही. त्यावरून शिकलो म्हणून आपण आता गावागावांत आधी विचारतो, चालता कोणाला येत नाही. विचारलं. त्या बाईंनी सांगितलं." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "आणि उचलून आणलं तुम्हाला."

मला त्या चिखलातल्या बायका बऱ्या वाटल्या. त्या निदान हसल्या होत्या.

सराव संपल्याचा सरळ, लांब भोंगा वाजायचा बाकी होता. मॅडमनी तो थांबवायला सांगितला. "स्ट्रेचर घ्या. परत चला. हे गृहस्थही येतील. घर त्यांना चांगलंच माहीत आहे."

पुन्हा गल्ली

गाव अजून बंद होतं. प्रत्येक घराची उकडहंडी झालेली. बंद खिडक्यांआडून आवाज येत होते.

"अरे, किती वेळ? हितं भात करपला!"

"माजी म्हस वरडते तिकडं!"

"कोनामुलं थांबलाय?"

मी मान खाली घालून चालत होतो. म्हणजे लंगडत.

जमनाबायचं दार वाजवलं. "कोन?"

"स्ट्रेचर," मॅडम म्हणाल्या.

"मगाशी पन आला व्हता. त्या पावन्याला घेऊन गेला." दार उघडलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मी लेकीला फोन केला. आयतवारी या म्हनला, घेऊन जावा आमाला. झाला. तुमी जावा."

आत बाबा भिंतीला टेकून बसला होता. शर्टाची बटणं काढलेली.

मॅडम उंबऱ्यावर बसल्या. "आजी, एकदा बघू या. नाही जमलं तर नाही. पण जमतं की नाही ते तरी कळू दे. मलाही कळायला हवं."

जमनाबायने बाबाकडे बघितलं. बाबाच म्हणाला, "नको. आता नको."

चौघे जागच्या जागी थांबले. पुढचा माझ्या कानाशी आला. "अंकल, ये 'नको' असली है क्या? सुनना है कि नहीं?"

मला काय माहीत? मी जमनाबायकडे बघितलं. ती नवऱ्यासमोर बसली आणि खालून एकेक करून त्याची बटणं लावायला लागली. शेवटचं लावून म्हणाली, "उचला."

उचलला. दारातून आला, ओट्यावरून उतरला. आणि काशीबायच्या मांडवापाशी थांबला. खालून जायला स्ट्रेचर जमिनीलगत न्यावं, तर वाकलेल्या माणसांना पाय टाकायला जागा नाही. तिरकं करावं, तर बाबाची कंबर. एकदा जरासं तिरकं केलं आणि त्याने जो आवाज काढला, त्यावर चौघांनी आपण होऊनच स्ट्रेचर सरळ केलं.

जमनाबाय मांडवाकडे बघत उभी होती. समोरच्या बंद खिडकीकडे बघत नव्हती. हाक मारायची तिची तयारी नव्हती, आणि तिच्या वतीने हाक मारायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी मला जमेल ते करायला गेलो: मांडवाची गाठ सोडायला. कोळ्यांची गाठ. मी ओढलं तशी ती आणखी बसली. जोर लावला, तर गाठ तशीच राहिली आणि वरचा दोर सुटला. एकमेकांना चावलेल्या वीसपंचवीस जोड्या माझ्या डोक्यावर, खांद्यावर, प्रभाकरच्या पांढऱ्या शर्टावर.

समोरचं दार धाडकन उघडलं.

"हात काड, मेल्या! गाठ हाय ती, तुजी लुंगी नाय!" काशीबाय कोयता घेऊन आली.

"बाई, अजून भोंगा व्हायचाय, तुम्ही घरात..." मॅडम म्हणाल्या.

"मी घरात बसले तर हा कोन कापनार? तू?" आणि तिने आपल्याच मांडवाचे दोर खटाखट तोडले. एक, दुसरा, तिसरा. बोंबलांची रांगच्या रांग चिकचिकीत पडली. आडवा बांबू तिने स्वतः खांद्याने वर उचलून धरला. "न्या! काय बघताय?"

स्ट्रेचर पुढे सरकलं. खाली बोंबील, वर बांबू, मध्ये बाबा, अगदी सरळ, शर्टाला एक चुणी नाही.

"काशे, सगली मासली गेली ना तुजी," जमनाबाय म्हणाली. मला वाटतं, कित्येक वर्षांतलं तिच्याशी बोललेलं हे पहिलं साधं वाक्य.

"मासली उद्या परत लटकवीन," काशीबाय बांबू धरूनच म्हणाली. "तुजा घो परत लटकवता येतो काय? चल, हो पुढं. खांदा दुखला."

गल्लीच्या तोंडाशी रुग्णवाहिका उभी होती. मॅडम म्हणाल्या, "जमलं. एवढं पुरे, आजोबा. इथूनच परत घरी सोडतो."

"नाय," बाबा म्हणाला. "शालेपर्यंत न्यायचा. ठरला तसा."

शाळेत त्याच्या अंगावरून यंत्र फिरवलं, पेपरमिंट दिली. ती चोखत त्याने मला विचारलं, "एवढ्यासाठी मगाशी पळून आलास?" बाजूला जमनाबाय लेकीशी फोनवर बोलत होती. "आयतवारी येऊ नको गो... नाय, म्हंजे ये. जेवायला ये. न्यायला नको."

तेवढ्यात सरळ, लांब भोंगा झाला. मी या वेळी जागचा हललो नाही. पाय सुजलेला होता.

घरी

बोंबील मिळाले. कालवणातले, आणि येताना पिशवीभर सुके. डोक्यावर पडलेलेच असावेत असा मला संशय आहे. प्रभाकरचा शर्ट अजून वास सोडत नाही.

बापूंना हे सगळं सांगितलं, तेव्हा ते पोट धरून हसले. मग मी विचारलं, "तुमच्या आई वरच्या मजल्यावर झोपून असतात. आपल्याकडे खरा मोठा धक्का बसला तर त्यांना खाली कसं आणाल?" बापूंनी वळून जिन्याकडे बघितलं. पुढच्या रविवारी आम्ही गल्लीतल्या चौघांनी आईंना खुर्चीत बसवून उतरवून बघितलं. जिन्याच्या वळणावर कठड्यात खुर्ची अडकली. आता कठडा तिथे नाही. आईंना खाली येणं इतकं आवडलं आहे की त्या दर रविवारी धक्क्याची वाट बघतात.

यंदाची थंडी सुरू झाल्यावर प्रभाकरचा फोन आला. आता सरावात यादीत असेल त्यालाच उचलतात, आणि उचलण्याआधी नाव विचारतात. काशीबायने मांडव हातभर वर बांधलाय आणि त्यावरून जमनाबायशी नवं भांडण काढलंय. मग त्याने फोन दारातल्या टोपलीवालीकडे दिला.

"पावने, परवा सायरन हाय," जमनाबाय म्हणाली. "तुमी त्याच्या दुसऱ्या दिवशी या."

"बाबा कसे आहेत?"

"हायत. त्यांनी निरोप दिलाय. शर्ट रंगीत घालून या."

मी चौकड्यांचे तीन घेतले आहेत.